सोस्यूर यांचा न दिसलेला वर्ण

शाळेत संस्कृतचे धातू पाठ केलेल्यांना काही गोष्टी खटकून गेलेल्या असतात. 'युज्' या धातूचे 'युनक्ति' होते, 'श्रु'चे 'शृणोति' होते आणि 'पू' म्हणजे शुद्ध करणे, त्याचे 'पुनाति' होते. तिन्ही रूपांत एक 'न' किंवा 'ण' कुठून तरी मध्येच येऊन बसतो. व्याकरणाने यांना तीन वेगळे गण दिले: सातवा, पाचवा आणि नववा. पुढे 'पवितुम्'मध्ये 'इ' येतो आणि 'योक्तुम्'मध्ये येत नाही, कारण पहिला धातू सेट् आणि दुसरा अनिट्. कोणता धातू सेट् आणि कोणता अनिट्, याचे कारण वर्गात कुणी विचारत नाही. यादी पाठ करायची आणि पुढे जायचे.

फर्दिनां द सोस्यूर या जिनिव्हाच्या तरुणाने ते कारण विचारले. उत्तर शोधता शोधता तो एका अशा वर्णापाशी पोचला, जो तेव्हा माहीत असलेल्या कोणत्याही भाषेत शिल्लक नव्हता. हे उत्तर ज्या पुस्तकात आहे ते १८७८ च्या डिसेंबरात लाइपत्सिगमध्ये बाहेर पडले, मुखपृष्ठावर साल १८७९ घालून. लेखकाचे वय होते २१.

आज सोस्यूर हे नाव भाषाविज्ञानाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्याच प्रकरणात भेटते. चिन्ह, चिन्हक, चिन्हित, भाषाव्यवस्था आणि भाषिक वापर यांतला भेद, हे सारे त्यांच्या नावावर आहे. मराठीत संरचनावादी समीक्षा वाचणाऱ्यांनाही ते परिचित आहेत. पण ही कीर्ती ज्या 'सामान्य भाषाविज्ञाना'ची आहे, ते त्यांनी आयुष्याच्या शेवटी, जेमतेम चार-पाच वर्षांत, तीन अभ्यासक्रमांतून शिकवले. त्यांच्या पदाचे काम, त्यांच्या वहीची पाने, त्यांचे रोजचे तास हे सगळे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, गॉथिक, लिथुआनियन अशा भाषांचे होते. प्राचीन इंडो-युरोपीय भाषांचा हा प्राध्यापक समजून घेतल्याशिवाय तो प्रसिद्ध सिद्धान्तकार समजत नाही, असे त्यांचे चरित्र वाचताना पुन्हा पुन्हा जाणवते.

घर विद्वानांचे होते. पणजोबा ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हे आल्प्सचा अभ्यास करणारे निसर्गवैज्ञानिक, १७८७ साली माँ ब्लांच्या शिखरावर चढलेले. वडील आंरी गांधीलमाश्या आणि टोळ यांच्यावरचे नावाजलेले कीटकशास्त्रज्ञ. वर्गीकरण करणे, सूक्ष्म फरक टिपणे, हे त्या घरात जेवणाच्या टेबलावरचेच विषय असणार. १८५७ साली जन्मलेल्या फर्दिनांला मात्र कीटकांपेक्षा शब्दांची ओढ लागली. घराण्याच्या ओळखीतले वयोवृद्ध विद्वान आदोल्फ पिक्ते यांनी इंडो-युरोपीय लोकांच्या मूळ संस्कृतीवर मोठा ग्रंथ लिहिला होता. शाळकरी फर्दिनांने ग्रीक, लॅटिन आणि जर्मन शब्द मूठभर मुळांवरून सिद्ध करणारा एक निबंधच लिहिला आणि त्यांच्याकडे धाडला. पिक्ते यांनी त्याला प्रेमाने उत्तर दिले आणि अशा सर्वव्यापी व्यवस्थांच्या मोहापासून जपायलाही सांगितले. बॉप यांच्या व्याकरणावरून संस्कृतचा श्रीगणेशाही त्याने जिनिव्हातच केला.

त्याच शाळकरी वयातली एक घटना त्याने पुढे आठवणींत लिहून ठेवली आहे. वर्गात हिरोडोटसचा ग्रीक उतारा चालू असताना क्रियापदाचे एक रूप त्याच्या नजरेत भरले. जिथे 'न' असायला हवा तिथे 'अ' होता. त्याने मनाशी ताडले की दोन व्यंजनांच्या मध्ये सापडलेला 'न' स्वतःच स्वरासारखा वागत असणार आणि ग्रीकमध्ये त्याचा 'अ' झाला असणार. संस्कृतमध्ये याची उदाहरणे जागोजाग आहेत. 'मन्'पासून 'मत' आणि 'मति' होतात, 'गम्'पासून 'गत' आणि 'गति'. अनुनासिक गेले आणि 'अ' उरला. लॅटिनमध्ये मात्र 'मति'चा भाऊबंद असलेल्या 'मेन्तिस्' या रूपात तो 'न' अजून ऐकू येतो. आपल्या 'शतम्'च्या जागी लॅटिन 'केन्तुम्' म्हणते, तेही त्याच कारणाने.

मुलाला वाटले, ही गोष्ट सगळ्या विद्वानांना ठाऊकच असणार. एक वर्ष जिनिव्हा विद्यापीठात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रात काढून तो १८७६ च्या शरद ऋतूत लाइपत्सिगला गेला, तेव्हा प्राध्यापक ह्यूब्शमान यांच्या तोंडून त्याला कळले की कार्ल ब्रुगमान यांनी त्याच वर्षी स्वरासारख्या 'न'चा शोध जाहीर केला आहे आणि विद्वानांत त्याचीच चर्चा चालू आहे. वर्गात मनाशी लावलेला शोध आता दुसऱ्याच्या नावाने इतिहासात गेला होता. श्रेयाबद्दल सोस्यूर आयुष्यभर हळवे राहिले, त्याचे मूळ इथे असावे.

लाइपत्सिग हे त्या काळी भाषाशास्त्राचे माहेरघर होते. ज्येष्ठ गेओर्ग कुर्टिउस, स्लाव्ह भाषांचे लेस्कीन, केल्टिकचे विंडिश आणि त्यांच्याभोवती विशी-तिशीतले तरुण. या तरुणांना 'नवव्याकरणकार' हे नाव पडले. भाषेतले ध्वनिबदल नियमाने होतात, त्यांना अपवाद दिसला तर तो आपल्याला न कळलेला दुसरा नियम समजायचा, हा त्यांचा बाणा. मराठीतच पाहा. संस्कृत 'सप्त' प्राकृतात 'सत्त' झाला आणि मराठीत 'सात'. 'हस्त' 'हत्थ' झाला आणि पुढे 'हात', 'अग्नि' 'अग्गि' झाला आणि पुढे 'आग'. दोन व्यंजनांतले एक गळाले की त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. एक शब्द असा बदलला तर तो योगायोग म्हणता येईल, शेकडो शब्द असे बदलतात तेव्हा नियम मानावा लागतो. गळालेल्या वर्णाची खूण लांबलेल्या स्वरात उरते, हे ध्यानात ठेवले तर सोस्यूर यांच्या पुस्तकातली मुख्य कल्पना समजायला अवघड नाही.

'इंडो-युरोपीय भाषांतील मूळ स्वरव्यवस्थेविषयी निबंध' असे त्या पुस्तकाचे लांबलचक नाव आहे. तोपर्यंत विद्वानांचा समज असा होता की संस्कृत सगळ्यांत जुनी, म्हणून तिचा 'अ' हाच मूळचा स्वर, आणि ग्रीक-लॅटिनमधले ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' नंतर फुटलेले. १८७० च्या दशकात अनेकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे उलटे करून दाखवले. त्यांत सोस्यूर एक होते. संस्कृतचा परोक्षभूतकाळ आठवून पाहावा. 'कृ'चे 'चकार' होते, 'गम्'चे 'जगाम'. द्वित्व करताना 'क'चा 'च' आणि 'ग'चा 'ज' का होतो? पाणिनीने त्यासाठी सूत्रच दिले आहे. ऐतिहासिक कारण असे की त्या पहिल्या अक्षरातला 'अ' एके काळी 'ए' होता. 'ए' उच्चारताना जीभ टाळूकडे जाते आणि तिच्या ओढीने 'क' तालव्य होतो. नंतर संस्कृतात 'ए'चा 'अ' झाला, पण 'च' तसाच राहिला. म्हणजे स्वर नाहीसा झाला आणि त्याने शेजारच्या व्यंजनावर उठवलेला ठसा मागे उरला.

याच तऱ्हेचा विचार सोस्यूर यांनी त्या गणांना लावला. 'युनक्ति'ची फोड यु-न-क्-ति अशी होते. धातूच्या शेवटच्या वर्णाआधी 'न' घुसला आहे, हे स्पष्ट दिसते. आता 'शृणोति' घ्यावे. धातू 'श्रु', शेवटचा वर्ण 'उ'. त्याच्या आधी 'न' घातला तर शृ-न-उ-ति होते, 'न' आणि 'उ' मिळून 'नो', ऋकारामुळे त्याचा 'णो'. पाचवा गण आणि सातवा गण म्हणजे एकच रचना ठरली. हिंदीतल्या 'सुनना'तला 'न' हा प्राकृताच्या वाटेने आलेला तोच घुसखोर 'न' आहे; 'श्रुत' या रूपात तो मुळी नव्हताच.

मग नवव्या गणातले 'पुनाति' वेगळे का असावे? तेही पु-न-क्ष-ति असेच मांडले, आणि 'क्ष' ही बीजगणितातली अज्ञात संख्या मानली, तर? हा 'क्ष' म्हणजे 'पू' धातूचा लुप्त झालेला शेवटचा वर्ण. 'अ'नंतर तो आला की गळतो आणि स्वर लांबवतो, म्हणून 'ना'. 'उ'नंतर आला की 'पुक्ष-त'चे 'पूत' होते. दोन व्यंजनांच्या मध्ये सापडला की संस्कृतात त्याचा 'इ' होतो, म्हणून 'पव्-क्ष-तुम्'चे 'पवितुम्'. सेट् धातूंतला तो 'इ', ज्याला आपण 'इट् आगम' म्हणतो, तो या दृष्टीने बाहेरून आलेला पाहुणा नसून धातूच्याच पोटातला जुना वर्ण ठरतो. ज्या धातूच्या अंती 'क्ष' होता तो सेट्, ज्याच्या अंती नव्हता तो अनिट्. 'लू' म्हणजे कापणे, त्याचेही लुनाति, लवितुम्, लून असेच चालते. पाठ करायची यादी एका कारणात मावली.

यात पाणिनीची चूक काढलेली नाही. पाणिनीने आपल्या काळची भाषा वर्णिली, आणि ती इतकी काटेकोर वर्णिली की अडीच हजार वर्षांनंतर त्या नोंदींवरून भाषेचा पाणिनीआधीचा थर खणता आला. सेट् आणि अनिट् हा भेद भारतीय वैयाकरणांनी जपला नसता तर सोस्यूर यांच्या हाती हा धागा इतक्या सहज लागला नसता.

सोस्यूर यांनी आपल्या अज्ञात वर्णांना 'सहगुणक' म्हटले, गणितातला शब्द वापरून. त्यांनी असे दोन मानले. त्यांचा उच्चार कसा होता, हे सांगण्याच्या भानगडीत ते फारसे पडले नाहीत. व्यवस्थेत त्या जागी काहीतरी असलेच पाहिजे आणि ते अमुक शेजाऱ्यांच्या संगतीत अमुक तऱ्हेने वागते, एवढे त्यांना पुरे होते. लवकरच डेन्मार्कचे हेर्मान म्योलर यांनी तिसऱ्या सहगुणकाची भर घातली आणि हे वर्ण घशातून उच्चारली जाणारी व्यंजने असावीत असे सुचवले.

पुस्तकाचे स्वागत मात्र थंड झाले. फ्रान्समध्ये लुई आव्हे यांनी त्याच्यावर भरभरून लिहिले. जर्मनीत काहींनी दुर्लक्ष केले, ओस्टहॉफ यांच्यासारख्यांनी विरोध. पुराव्याच्या राशी रचणाऱ्या त्या पिढीला, कोणत्याही भाषेत न सापडणारा वर्ण निव्वळ मांडणीच्या जोरावर मान्य करणे जड गेले. त्यांची अडचणही समजण्यासारखी आहे, कारण डोळ्यांसमोर शिलालेख नाही, पोथी नाही, बोली नाही.

डॉक्टरेटसाठी सोस्यूर यांनी विषय निवडला तो निव्वळ संस्कृतचा: सत्षष्ठी. 'पश्यतः पितुः बालः अगच्छत्', म्हणजे बाप पाहत असताना, त्याला न जुमानता, मुलगा निघून गेला. सति सप्तमीची ही कमी वापरातली बहीण, तीत अनादराची छटा असते, हे आपल्याकडे संस्कृत शिकलेल्यांना ठाऊक आहे. सोस्यूर यांनी संस्कृत ग्रंथांतून तिची उदाहरणे वेचून वापराचे नियम तपासले. फेब्रुवारी १८८० मध्ये लाइपत्सिगने त्यांना सर्वोच्च श्रेणीत पदवी दिली. तिथल्या एका प्राध्यापकाने त्यांना 'त्या थोर स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांचे आपण कुणी नातेवाईक का?' असे विचारल्याची गोष्ट सांगतात.

त्याच वर्षी ते पॅरिसला गेले. तिथल्या 'एकोल दे ओत-एत्युद' या उच्च अभ्यासाच्या संस्थेत मिशेल ब्रेआल शिकवत. आपल्या कामाचा एक भाग त्यांनी १८८१ मध्ये या तरुणाकडे सोपवला. नेमणूक होती गॉथिक आणि प्राचीन उच्च जर्मन शिकवण्याची. सोस्यूर तेव्हा २४ वर्षांचेही झाले नव्हते. पुढची दहा वर्षे, मधली रजा सोडली तर, त्यांनी तिथे शिकवले. पुढे ग्रीक-लॅटिनचे तुलनात्मक व्याकरण आणि लिथुआनियनही घेतले. पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाचे कामही ते पाहत. वर्ग लहान, पण बसणारे कोण होते ते पाहिले की या काळाचे मोल कळते. आंत्वान मेये हे त्यांतले एक. पुढच्या पन्नास वर्षांतले फ्रेंच भाषाशास्त्र बहुतांशी मेये यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी घडवले. सोस्यूर शिकवत असताना विज्ञानाकडे पाहण्याची त्यांची जवळजवळ काव्यमय दृष्टी मनावर कायमची ठसे, असे मेये यांनी पुढे आवर्जून नोंदवले. प्राध्यापकाच्या कारकिर्दीचा हिशेब त्याच्या ग्रंथसूचीवरून मांडणाऱ्यांनी हा वर्ग जरूर लक्षात घ्यावा.

१८९१ मध्ये ते जिनिव्हाला परतले. त्यांच्यासाठी इंडो-युरोपीय भाषांचा इतिहास आणि तुलना या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण केले गेले. १८९६ मध्ये ते पूर्ण प्राध्यापक झाले. जिनिव्हात विद्यार्थी आणखी कमी. संस्कृतचा वर्ग जवळजवळ दर वर्षी, जोडीला ग्रीक आणि लॅटिन, कधी गॉथिक, कधी लिथुआनियन, कधी निबेलुंग गाथा. १८९४ मध्ये प्राच्यविद्या परिषद जिनिव्हात भरली तेव्हा व्यवस्थेत त्यांचा पुढाकार होता आणि त्यांनी तिथे लिथुआनियन भाषेतल्या आघातावर निबंध वाचला. लिथुआनियन ही आजही बोलली जाणारी भाषा, पण तिच्यात 'सूनुस्' म्हणजे मुलगा, 'वीरस्' म्हणजे पुरुष, 'उग्निस्' म्हणजे अग्नी. अशी भाषा जिवंत ऐकायला मिळणे ही अभ्यासकाला पर्वणीच. तिच्यातला आघात विशिष्ट परिस्थितीत पुढच्या अक्षरावर सरकतो, हा नियम आज सोस्यूर यांच्या नावाने ओळखला जातो. रशियाचे फोर्तुनातोव स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते.

यानंतर लेखन जवळजवळ आटले. १८९४ च्या जानेवारीत मेये यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मन मोकळे केले आहे. भाषेविषयी दहा ओळी धड लिहायच्या तरी सगळी रूढ परिभाषा आड येते, भाषाशास्त्रज्ञ नेमके काय करतो हे त्याला आधी दाखवून द्यावे लागेल, आणि या कटकटीपायी आपल्याला मनाविरुद्ध एक पुस्तक लिहावे लागेल, असा त्याचा आशय आहे. ते पुस्तक त्यांनी लिहिले नाही. आज कुणा विद्यापीठात दर वर्षीच्या प्रकाशनांची मोजदाद होताना ही कारकीर्द कशी दिसली असती, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्यांचे हयातीतले सगळे शास्त्रीय लेखन १९२२ मध्ये एकाच खंडात मावले, आणि त्यातला मोठा वाटा विशीतल्या पुस्तकाचा होता.

मौनाच्या या वर्षांत भारताशी जोडलेला एक विलक्षण प्रसंग आहे. जिनिव्हातले मानसशास्त्राचे प्राध्यापक तेओदोर फ्लूर्न्वा एका स्त्री-माध्यमाचा अभ्यास करत होते. 'एलेन स्मिथ' या टोपणनावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. समाधिअवस्थेत ती स्वतःला पूर्वजन्मीची राजपत्नी सिमंदिनी म्हणवी. तिचा पती पंधराव्या शतकाच्या आरंभी कानडा मुलखात चंद्रगिरीचा किल्ला बांधणारा राजा होता, असे ती सांगे, आणि त्याच्याशी ती संस्कृतसारखे काही बोले. फ्लूर्न्वा यांनी ते शब्द तपासायला सोस्यूर यांच्याकडे दिले. सोस्यूर यांनी ते हसण्यावारी नेले नाही. सलग अर्थाचे संस्कृत वाक्य तिथे नाही, पण संस्कृतचे तुटक अंश आहेत आणि संस्कृतला अगदीच परके असे काही नाही, असे त्यांचे निरीक्षण. एक बारकावा त्यांनी खास टिपला. एवढ्या बोलण्यात 'फ्' हा दंतोष्ठ्य घर्षक वर्ण कुठेच नव्हता. संस्कृतमध्येही तो नाही, पण फ्रेंच बोलणाऱ्या स्त्रीने मनाने भाषा रचली तर तो यायला हवा होता. काय आहे याइतकेच काय नाही याकडेही लक्ष देण्याची ही सवय तीच, जिने पूर्वी त्यांना लुप्त वर्णापर्यंत नेले होते.

१९०६ च्या सुमारास ते वेगळ्याच शोधात बुडाले. प्राचीन लॅटिन कवितेत देवांची किंवा वीरांची नावे अक्षरे विखरून लपवलेली असतात, अशी शंका त्यांना आली. वेदातल्या सूक्तांकडेही त्यांनी या दृष्टीने पाहिले. वह्यांमागून वह्या भरल्या. पण कवींनी हे जाणूनबुजून केले की योगायोगाने घडले, याचा निर्णय होईना. लॅटिनमध्ये कविता रचणाऱ्या जिओव्हानी पास्कोली या इटालियन कवीला त्यांनी १९०९ मध्ये पत्रे लिहून विचारले. समाधान झाले नाही, आणि काम थांबले. यातला एक शब्दही त्यांनी छापला नाही. पुराव्याची खात्री पटेना म्हणून एवढे मोठे काम बाजूला ठेवणे, हाही विद्वत्तेचाच भाग.

१९०६ च्या अखेरीस एक सहकारी निवृत्त झाले आणि त्यांच्या वाट्याचा सामान्य भाषाविज्ञानाचा तास सोस्यूर यांच्याकडे आला. १९०७, १९०८-०९ आणि १९१०-११ असे तीनदा त्यांनी तो विषय शिकवला, मूठभर विद्यार्थ्यांपुढे. त्यातही बराच वेळ इंडो-युरोपीय भाषांच्या इतिहासाला जाई. फेब्रुवारी १९१३ मध्ये, ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शार्ल बाली आणि आल्बेर सेशए या सहकाऱ्यांनी त्यांच्या कागदांत व्याख्यानांच्या टिपणांचा शोध घेतला, तेव्हा हाती फार थोडे लागले. मग विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा झाल्या, आणि स्वतः त्या वर्गांना न बसलेल्या या दोघांनी १९१६ मध्ये 'सामान्य भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम' सिद्ध केला. भाषेत प्रत्येक घटकाचे मोल त्याच्या इतरांशी असलेल्या भेदावरून ठरते, हे त्यातले मध्यवर्ती सूत्र. एकविसाव्या वर्षी केवळ नात्यांवरून, उच्चार माहीत नसताना, एक वर्ण मांडणाऱ्या माणसाचा हा विचार आहे, हे ध्यानात घेतले की दोन्ही पुस्तके एकाच मनातून आलेली दिसतात.

आता त्या वर्णाचे पुढे काय झाले ते पाहू.

तुर्कस्तानातल्या बोआझकोय या गावी १९०६ पासून ह्युगो विंकलर यांच्या उत्खननात मातीच्या हजारो पाट्या सापडल्या होत्या. तिथे हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा होती. लिपी कीलाकार, वाचता येणारी. पण पाट्यांतली एक भाषा कुणाला कळेना. चेक विद्वान बेद्रिख ह्रोझ्नी यांनी १९१५ मध्ये तिचे कोडे सोडवले. एका वाक्यात भाकरीचे चिन्ह होते, पुढे 'एझ्झातेनी' आणि मग 'वातर'. भाकरीसोबत खाणे येणार. 'एझ्झा'मध्ये त्यांना संस्कृत 'अद्' म्हणजे खाणे या धातूचा भाऊबंद दिसला, आणि 'वातर' म्हणजे पाणी, इंग्रजी 'वॉटर'चे आणि आपल्या 'उदक'चे नातलग. भाकरी खाल, पाणी प्याल, असा अर्थ लागला. सोस्यूर यांना जाऊन दोन वर्षे झाली होती.

या हित्ती भाषेत घशातून येणारा, 'ह'सारखा एक वर्ण वारंवार लिहिलेला आढळतो. पॅरिसमध्ये मेये यांच्या हाताखाली शिकून गेलेले पोलंडचे येझी कुरिलोविच यांनी १९२७ मध्ये तो वर्ण कुठे कुठे येतो ते पाहिले. ग्रीक 'अँटी', म्हणजे समोर किंवा विरुद्ध, जो आपण 'अँटिबायोटिक'मध्ये रोज बोलतो. लॅटिनमध्ये 'आन्ते', वैदिक संस्कृतात 'अन्ति', म्हणजे जवळ. हित्तीत 'हन्ती'. संस्कृत 'अस्थि', हित्तीत 'हस्ताइ'. आणि नृप, गोप, भूप यांतला 'पा' म्हणजे राखणे हा धातू. लॅटिनमध्ये त्याच्यापासून मेंढपाळाला 'पास्तोर' म्हणतात. सोस्यूर यांच्या हिशेबाने हा दीर्घ 'पा' म्हणजे मुळात 'प', ऱ्हस्व स्वर आणि गळालेला सहगुणक. हित्तीत राखणे या अर्थी धातू आहे 'पह्स्'. स्वर ऱ्हस्व आणि त्याच्यापुढे, सांगितलेल्या जागी, तो वर्ण मातीत कोरलेला.

आज बहुतेक अभ्यासक असे तीन वर्ण मानतात. त्यांचा उच्चार नेमका कसा होता यावर वाद चालूच आहेत, आणि हित्तीने तिन्ही सारख्याच जपलेले नाहीत. पण त्यांच्यावाचून संस्कृत, ग्रीक किंवा लॅटिनचे ऐतिहासिक व्याकरण आज कुणी लिहीत नाही. मेये यांचेच दुसरे शिष्य एमील बेनव्हेनिस्त यांनी १९३५ मध्ये याच पायावर इंडो-युरोपीय धातूच्या घडणीचा सिद्धान्त उभारला.

मेये यांच्या शिष्यपरंपरेतली एक वाट महाराष्ट्रात येते. झ्यूल ब्लोक हे त्यांचे विद्यार्थी भारतीय भाषांकडे वळले आणि त्यांनी मराठी निवडली. 'मराठी भाषेची घडण' हा त्यांचा फ्रेंच प्रबंध १९१४ मध्ये तयार होता, पण महायुद्धामुळे तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो निघाला ते सोस्यूर जिथे शिकवत त्याच संस्थेच्या ग्रंथमालेत. संस्कृतपासून प्राकृतांमधून मराठीपर्यंत एकेक ध्वनी, एकेक प्रत्यय कसा आला, शेजारच्या भाषांपेक्षा मराठी कुठे वेगळी पडली, हे ब्लोक यांनी नियमांनी आणि दाखल्यांनी मांडले. पुण्याच्या वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. आधुनिक भारतीय भाषांपैकी एखादीचा इतिहास इतक्या शिस्तीने मांडणारे हे पहिल्या काही पुस्तकांतले एक, आणि त्याच्या अखेरीस मराठी शब्दांची व्युत्पत्तिसूची आहे. आपल्या तोंडातल्या शब्दांची मुळे शोधणाऱ्यांना तिच्याकडे अजूनही जावे लागते.